परत आलेला फोन

माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून टाकतो. आई म्हणायची, "ह्याच्या नाकार राग बसलेलोच आसता, शिंकलो तरी खाली पडतलो." ऑफिसात तोंडावर कुणी काही बोलत नसे, पण शाखेतून मला फोन आला की पलीकडचा माणूस "साहेब, रागावू नका हां" म्हणूनच सुरुवात करायचा. मला त्याची गंमत वाटायची. कामाच्या माणसाला थोडा राग हवाच, असंही मी म्हणायचो.

दोन हजार सात-आठ सालची गोष्ट. कुडाळला एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी कॉम्प्युटर विभागात होतो. विभाग म्हणजे मी, एक एसी आणि एक टेबल. एसी मशीनसाठी होता, माझ्यासाठी नव्हे, हे मला नेमणुकीच्या दिवशीच सांगण्यात आलं होतं. जिल्हाभर आमच्या डझनभर शाखा होत्या. वालावल, धामापूर, आणि पार गोव्याच्या हद्दीला टेकलेलं आरोंदा. पावसाळ्यात शाखेचा फोन बंद पडला की तिथला माणूस एसटीने कुडाळला यायचा आणि फोन बंद आहे एवढं सांगून परत जायचा.

मग संस्थेने नवे फोन घेतले. कॉम्प्युटर ज्या लाईनवरून एकमेकांशी बोलतात त्याच लाईनवरून चालणारे आयपी फोन. शाखेतले लोक त्यांना 'काम्प्युटरचो फोन' म्हणायचे. तीन आकडे दाबले की आरोंद्यातून धामापूरला बोलता यायचं, शेजारच्या खोलीत बोलावं तसं. बाहेरचा फोन करायचा तर मात्र तो आधी कुडाळच्या मोठ्या पेटीत, म्हणजे आमच्या एक्स्चेंजमध्ये, यायचा आणि तिथल्या लाईनवरून गावभर जायचा. सगळ्या शाखांचं बाहेरचं बोलणं असं एकाच दारातून. सरव्यवस्थापकांना ही व्यवस्था फार आवडली होती, कारण कोण कुणाशी किती वेळ बोलतो ते त्यांना एका कागदावर दिसायचं.

पेट्या बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला होता. तो दोन दिवसांत चार शाखा करून, मासे खाऊन, सोलकढीच्या नादाने पोट बिघडवून परत गेला. जाताना म्हणाला, "इमर्जन्सी नंबरांचं तेवढं तुम्ही एकेका शाखेत जाऊन करा. ते विसरू नका."

ते काम असं होतं. आरोंद्यात दरोडा पडला आणि तिथल्या बाईंनी शंभर नंबर फिरवला, तर फोन निघणार कुडाळच्या लाईनवरून. म्हणजे उचलणार कुडाळचे पोलीस, चाळीसेक किलोमीटरवरचे. त्यांना दिसणार आमच्या मुख्य कार्यालयाचा नंबर, आणि ते शिट्ट्या मारत येणार आमच्या दारात. आरोंद्यातला दरोडेखोर तोवर आरामात चहा पिऊन जाईल. यावर उपाय म्हणून प्रत्येक शाखेत जुनी साधी टेलिफोन लाईन एक तशीच ठेवली होती. शाखेतल्या पेटीला शिकवायचं, की शंभर, एकशे एक, एकशे दोन असं काही कुणी दाबलं तर ते कुडाळला पाठवू नकोस, इथल्या इथे या लाईनवरून सोड.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती मला स्वतःला फार पटलेली. घाबरलेला माणूस फोनवर दोन शब्द ओरडतो आणि फोन ठेवून देतो. कुठून बोलतोय ते सांगत नाही. अशा वेळी पलीकडच्याने परत फोन लावला, तर तो त्याच टेबलावर वाजला पाहिजे. दुसऱ्या गावातल्या कुणा तिऱ्हाइताच्या टेबलावर वाजून उपयोग नाही. हे मी शाखाशाखांतून मोठ्या तोऱ्यात समजावून सांगायचो. परत येणारा फोन महत्त्वाचा, असं म्हणायचो. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पहिली शाखा वालावल. शंभर दाबला. हवालदाराने उचलला.

"काय झालंय?"

"काही नाही साहेब, टेस्टिंग करतोय."

"मग काय झालं की कर," म्हणून त्याने फोन ठेवला.

मी पाच मिनिटांनी परत केला, कारण नियम दोनदा तपासण्याचा होता. त्याने माझ्या तीर्थरूपांचा उद्धार केला. फोन चालत होता. मग मी शाखेतून गावातल्या एक-दोन साध्या नंबरांना फोन करून पाहिले, सहा आकडी. तेही लागले. वालावल कुडाळ तालुक्यातलं, एसटीडी कोड एकच. त्यामुळे तिथून निघालेले सहा आकडे कुडाळच्या पेटीतून बाहेर पडले तरी जायचे तिथेच जात होते. मी खूश झालो. हाच साचा उचलला आणि सगळ्या शाखांच्या पेट्यांत तसाच्या तसा उतरवला.

चूक तिथे झाली. आरोंदा सावंतवाडीकडचं. कोड वेगळा. तिथे सहा आकडे दाबले की ते कुडाळच्या दारातून बाहेर पडायचे, आणि कुडाळात त्या सहा आकड्यांचा जो कोणी असेल त्याच्या घरी घंटा वाजायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, म्हणून तर मी परिपत्रक काढलं होतं: 'सर्व बाहेरचे नंबर यापुढे कोडसह फिरवावेत.' खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पेटीत चार ओळी वाढवल्या असत्या तर परिपत्रकाची गरज नव्हती. पण चार ओळींसाठी डझनभर शाखा परत फिराव्या लागल्या असत्या, आणि माझ्याकडे सह्यांचा कागद होता.

आरोंद्याच्या शाखेत तीन माणसं. एक क्लार्क बाई, एक शिपाई, आणि मॅनेजर. मॅनेजर निवृत्तीला आलेले, शांत, छातीच्या खिशात गोळ्यांची छोटी डबी ठेवणारे. दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्टचा त्रास होऊन गेला होता. घर जवळ म्हणून त्यांनी ही कोपऱ्यातली शाखा मागून घेतली होती. गोव्यातल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, पुन्हा दुखलं तर जिभेखाली गोळी ठेवा आणि लगेच निघा, वाट बघत बसू नका. हे त्यांनी शाखेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मलाही सांगितलं.

मी पेटी लावत होतो तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी बसले. "बाकी तुझं सगळं राहू दे," म्हणाले, आणि छातीवर बोट ठेवलं. "याचं काय? वेळ आली तर हा फोन लागेल ना?"

"साहेब, माझी गॅरंटी," मी म्हटलं.

शिपाई पन्नाशीचा, उंच, खणखणीत आवाजाचा. गावात त्याला आवाजावरून कुणीही ओळखेल. मला तो पहिल्या दिवसापासून 'रे' म्हणायचा, मी साहेब असूनही, आणि मला ते बरं वाटायचं. "रे मालवणवाल्या, आधी च्या घे, मगे तुझी पेटी उघड," असं म्हणून सगळ्यांच्या आधी माझ्यासमोर ग्लास ठेवायचा. मॅनेजरच्याही आधी.

फोनच्या वर भिंतीवर तांबड्या ऑईलपेंटने सहा मोठे आकडे रंगवलेले होते. नाव नाही, काही नाही. हे काय म्हणून मी विचारलं.

"जीपवालो," शिपाई म्हणाला. "मीच रंगयलंय."

"भिंत खराब केलीस. मी स्टिकर देतो, तो लाव." आणि मी छापून आणलेला स्टिकर त्या आकड्यांच्या खाली चिकटवला. शंभर पोलीस, एकशे एक आग, एकशे दोन रुग्णवाहिका.

त्याने तो वाचला आणि हसला. "पोलिसांक फोन? कशाक रे? माणूस पडलो तर पोलीस येवन काय करतलो, पंचनामो? आणि ती सरकारी गाडी सावंतवाडीसून निघतली कधी नि पोचतली कधी. हो आमचो जीपवालो बघ. 'ये' म्हटला की पाच मिनटांत दारात. तेका नावय सांगूक लागणा नाय, आवाजार वळखता."

मी म्हटलं, "नंबर फिरवशील तर कोड लावून फिरव."

"व्हय व्हय," तो म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याचं बोलणं मला नवं नव्हतं. मी मालवणचा, बाप होडीवर जाणारा, आई टोपली घेऊन दारोदार मासे विकणारी. माझा बाप किनाऱ्यावर जाळं ओढता ओढता पडला, तेव्हा आम्ही शंभर फिरवला नव्हता, एकशे दोनही नाही. चुलत्याने नाक्यावरच्या फोनवरून मासळीच्या टेम्पोवाल्याला फोन केला. "पडलो रे, ये," एवढंच म्हणाला आणि ठेवला. कोण पडला, कुठे पडला, काही नाही. टेम्पो आला. बापाला बर्फाच्या पेट्यांच्या मध्ये झोपवून आम्ही हॉस्पिटलात नेलं, आणि तो त्यानंतर नऊ वर्षं जगला. आमच्याकडे अडचणीचा फोन असाच असतो. आवाज हीच ओळख, आणि 'हां' ऐकलं की फोन ठेवायचा, कारण बोलत बसण्यात वेळ जातो. हे सगळं मला माझ्या घरात घडलेलं ठाऊक होतं, आणि तरी मी पुण्याच्या कागदावरचे तीन नंबर तेवढे पेटीत घातले आणि वर त्या माणसाला भिंत खराब केली म्हणून दटावलं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी धामापूरची लाईन गेली. दुपार झाली तरी मी त्यातच अडकलो होतो. मुख्य कार्यालयात फोन घेणारी मुलगी जेवायला गेली होती, म्हणून तिच्या टेबलावर बसून मी एका हाताने पेटीशी झगडत होतो. अंगाची नुसती लाही होत होती. तेवढ्यात बाहेरच्या लाईनवर फोन वाजला.

म्हाताऱ्या बाईचा आवाज. "तुमच्याकडसून माका आत्ता फोन इल्लो. कोणतरी बापयो आरडत होतो, सायब पडले, बेगीन गाडी घेवन ये म्हणान. आणि फोन ठेयलो. कोण पडलो ओ?"

मालवणीत विचारलं होतं. मी ऑफिसच्या मराठीत उत्तर दिलं. "इथे कोणी पडलेलं नाही. हे ऑफिस आहे."

"नंबर तुमचोच दिसता. माझ्या झिलान मुंबयसून फोन आणून दिल्लो आसा, तेच्यार आकडे दिसतत."

"बाई, राँग नंबर. ठेवा."

मी ठेवला. दोन मिनिटांत परत वाजला. परत तीच.

"झिला, राग नको करू. पण तो माणूस गाडयेची वाट बघीत बसलो आसतलो. मी 'हां' म्हटलंय रे. माका काय समाजलाच नाय, तोंडातसून 'हां' गेला."

"अहो, कुडाळात साहेब काय एक आहे? कुणाचा तरी कुठला तरी साहेब पडला असेल! लाईन अडवू नका, इथे कामं आहेत," मी ओरडलो आणि रिसीव्हर आपटला. त्या नव्या फोनचा एक कोपरा तेव्हा तुटला. तुटलेल्या कोपऱ्याचा मला जास्त राग आला, आणि तोही मी मनातल्या मनात त्या बाईवरच काढला. मग धामापूरची लाईन सुरू झाली, आणि मी जेवायला गेलो.

आरोंद्यात त्या वेळात काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. मॅनेजर खुर्चीतून उठताना छाती धरून खाली बसले. क्लार्क बाईंनी गोळी जिभेखाली ठेवली. शिपायाने फोन उचलला आणि भिंतीवरचे सहा आकडे दाबले. कोड लावायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही, आणि का यावं? माणूस समोर पडलेला, बोटं सवयीने जातात तिथे गेली. पलीकडे फोन उचलताच त्याने ओरडून सांगितलं, आणि बाईमाणसाने 'हां' म्हटलं. त्याला वाटलं जीपवाल्याची बायको. त्याने फोन ठेवला. मग त्याने आणि क्लार्क बाईंनी मॅनेजरांना बाकावर आणून निजवलं, दार सताड उघडलं, आणि ते वाट बघत बसले. जीप येणारच होती. मॅनेजर म्हणे बोलत होते. "आली काय रे?" असं दोनदा विचारलं त्यांनी. शिपाई म्हणाला, "इली, इली, वळणार आसतली."

मोबाईल क्लार्क बाईंकडे होता, पण शाखेत रेंज नव्हती. खाडीकडेला गेलं तर गोव्याची यायची. आणि दुसरा फोन करायचा कुणाला, नि कशाला? गाडी तर सांगितली होती. वीसेक मिनिटांनी शिपायाचा धीर सुटला. सायकल काढून तो जीपवाल्याकडे गेला, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. जीपवाला जेवत होता. त्याला फोन आलाच नव्हता. तो उष्ट्या हाताने उठला.

सावंतवाडीच्या अलीकडे वाटेतच सगळं संपलं. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही, कदाचित खूप. मला तो 'कदाचित' अजून पुरतो.

संध्याकाळी पाचला माझ्या टेबलावरच्या फोनवर 'आरोंदा' अशी अक्षरं आली. क्लार्क बाई रडत होत्या. त्यांनी फोनचं सांगितलं. मी मोठ्या पेटीतला दिवसभराचा हिशेब काढला. कुठून कुठे किती वाजता फोन गेला, सगळं ओळीने छापून येतं. आरोंदा, बारा वाजून सत्तावीस, सहा आकडे, आठ सेकंद. त्यानंतर बाहेरून आलेले दोन फोन, एकोणतीसला आणि बत्तीसला, त्याच नंबरवरून. उचलणाऱ्याचं टेबल: ऑपरेटर. म्हणजे मी. सायकल निघायच्या कितीतरी आधी मला कळवलं गेलं होतं. मी तीन आकडे दाबून आरोंद्याला विचारलं असतं, "काय रे, बरं आहे ना?" तर पुरे होतं.

चौकशी झाली. ती फार लांबली नाही. सरव्यवस्थापकांनी फाईलमधून माझं परिपत्रक काढलं, त्यावरची शिपायाची सही पाहिली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तुमचं काम केलंत." शिपायाला बोलावलं होतं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने एक शब्द स्वतःच्या बाजूने काढला नाही. "माझ्याच हातान झाला," एवढंच म्हणाला. मी समोर बसलो होतो. तो छापील कागद माझ्या शर्टाच्या खिशात घडी करून होता. मी मूग गिळून बसलो. भ्यालो होतो, दुसरं काही नाही. नोकरी जाईल म्हणून भ्यालो, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो, पण ते पूर्ण खरं नव्हतं. त्या माणसाच्या तोंडाकडे बघायला भ्यालो.

पुढच्या आठवड्यात मी सगळ्या शाखा पुन्हा फिरलो. कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी आधी एकच विचारलं: इथे माणूस पडला तर तुम्ही कुणाला फोन करता? वालावलला म्हणाले, डॉक्टरच्या घरी, दवाखान्यात नव्हे. धामापूरला रिक्षावाला, तळ्याच्या वळणावरचा. एका शाखेत पिठाच्या गिरणीचा नंबर मिळाला, कारण गिरणीसमोर गाड्या उभ्या असतात. शंभर कुणी म्हटलं नाही. मी ते सगळे नंबर, आणि सरसकट सहा आकडी काहीही, त्या त्या गावच्या लाईनवर टाकलं. चार ओळींचं काम, प्रत्येक शाखेत दहा मिनिटं.

आरोंद्याला शेवटी गेलो. मॅनेजरची खुर्ची रिकामी होती. शिपायाने भिंतीवरच्या नंबराच्या आधी कोडाचे आकडे रंगवले होते, त्याच तांबड्या रंगाने, जरा वाकडे. आता कोडाची गरज नाही, हे त्याला सांगायला माझी जीभ रेटेना. त्याने माझ्यासमोर चहा ठेवला, नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी. मग शेजारी उभा राहिला.

"रे, एक इचारू? ती बाय कोण खंयची? तिणा 'हां' म्हटलेला. माझ्या कानान आयकलंय मी. मगे ती गप कशी ऱवली? समाजला नाय तर परत एक फोन करूक काय झालेला तिका?"

मी ग्लास खाली ठेवला. "बघतो," मी म्हटलं. "कोण ते बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऑपरेटर मुलगी जेवायला गेल्यावर, त्याच टेबलावर बसून मी तो नंबर लावला. यावेळी मालवणीत बोललो. "नमस्कार करतंय, मी कुडाळसून बोलतंय. नारळी पुनवेच्या आदल्या दिसा तुमका एक फोन इल्लो..."

पुढे बोलू दिलं नाही तिने. "तूच मां तो? माझो फोन आपटलेलो?"

आवाज. आमच्याकडे नाव सांगावं लागत नाही. "होय," मी म्हटलं.

"तो माणूस बरो आसा मां?"

"नाय. गेले."

पलीकडे मागे कुठेतरी कोंबड्यांना हाकलत असल्याचा आवाज येत होता. मला वाटलं आता शिव्या येतील, आणि याव्यात असंही वाटलं. मग ती म्हणाली, "मी सातेरीक गाऱ्हाणा घातलंय तेंच्यासाठी. रोज घालतंय. नाव ठावक नाय, तर देवीक काय सांगतलंय? जो कोण पडलो आसात तेका उठव, म्हटला. नाव काय होता रे तेंचा?"

मी नाव सांगितलं. तिने ते एकदा पूर्ण म्हणून बघितलं, आडनावासकट.

"आणि तो आरडत होतो तो?"

"शाखेचो शिपाई."

"तेका सांग. मी परत केलेलंय म्हणान सांग. दोन खेपे केलंय. तो म्हणत आसतलो, ही बाय 'हां' म्हणान गप बसली. तसा नाय म्हणान सांग तेका. सांगशीत मां?"

"सांगतंय," मी म्हटलं.

चार दिवस मी टाळाटाळ केली. पाचव्या दिवशी दुपारच्या एसटीने आरोंद्याला गेलो, काही काम नसताना. शिपाई चहाचं आधण ठेवत होता. "रे, इलंस?" म्हणाला. मी त्याला बाकावर बसवलं, त्याच बाकावर, आणि सगळं सांगितलं. खिशातला कागद काढून त्या दोन ओळी बोटाने दाखवल्या. काय बोललो तेही सांगितलं, 'कुडाळात साहेब काय एक आहे' यासकट. ते वाक्य गाळावं असं शेवटच्या क्षणापर्यंत मनात होतं.

तो कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे तिणा केलेलो."

"होय."

"दोनदा."

"दोनदा."

"आणि आमी हयसर दार उघडून बसलेलो."

त्याने कागदाची घडी केली, माझ्या हातात परत दिली, आणि उठला. आत जाऊन गॅस बंद केला. चहा गाळला. क्लार्क बाईंना दिला, नव्या मॅनेजरांना दिला, पास-बुक भरायला आलेल्या एका म्हाताऱ्यालाही दिला. मग खांद्यावरच्या फडक्याने हात पुसत माझ्यासमोर आला आणि परिपत्रकातल्यासारख्या स्वच्छ मराठीत म्हणाला, "साहेब, आपलं काम झालं असेल तर साडेतीनची गाडी आहे."

पुढे दोन वर्षं मी आरोंद्याला जात होतो. फोन नीट चालत होते. चहा मी स्टँडवर घ्यायचो.